आखाजीचं रडणं

२०१९ साल. आखाजी, म्हणजे सासुरवाशिणी माहेरी येतात तो अक्षय्य तृतीयेचा सण, होऊन महिना झाला होता. शेताच्या दाव्यासाठी मी नंदुरबारच्या कोर्टात बाकावर बसले होते. शेजारी आमच्याच कोरीट गावची धनुबाई आणि नवरा सोडून माहेरी आलेली तिची लेक रंजिता. नात भूमिका बापाकडेच होती.

“माय, आज साहेब भूमिकाले मन्हाकडे देतीन का वं?”

“देतीन. पोरनी पाठवरना चटका डाक्टरनी दखात ना.”

“तिना बाप म्हणस, चुल्हावर पडनी.”

“मन्हंच चुकनं, रंजू. भूमिका आखाजीले उनी, झोका खेयनी. जावाना दिन मन्हा पदर सोडेच ना. म्हणे, आजी, माले बापकडे धाडू नको.”

“मी कामले जायेल व्हती, अन् तू धाडी दिनी.”

“आखाजीनी जातांना कोनती पोर रडत नही? तू बी दरसाल रडे.”

“हां, माय. मी बी रडू. तुले तवय बी असंच वाटनं.”

तेवढ्यात पुकारा झाला.

भूमिका आईला मिळाली. दोघी लोणखेड्याला राहतात. पोर आता आठवीत आहे. बाप भेटीच्या तारखांना यायचा, मग यायचं थांबला. रंजिता दर आखाजीला आईला बोलवायची. धनुबाई पिशवी भरून दारात बसायची, पण एसटीत चढायची नाही. तिसऱ्या वर्षी ती वारली.