शिशाची दोन माणसं

(इंझोरी, १९७४. दुपारचे अडीच. उकंडरावांच्या अंगणात दोन बाजांवर ठेवलेली एक लांबलचक लाकडी पेटी. आत निळं रंगवलेलं आभाळ आणि सळयांवर टांगलेली पत्र्याची पाच लढाऊ विमानं. माणसं तीन : उकंडराव, त्यांची बायको गोजराबाई आणि उरसात खेळ लावणारा तरुण महावीर. तिघांचाही जीव टांगणीला. त्यातल्या त्यात गोजराबाईंचा कमी, कारण विमानांशी आपलं काही घेणंदेणं नाही असं त्यांना अजून वाटतंय.)

महावीर : पुन्हा पडलं, काका! मी तं अजून चिंचोकाई नाई मारला.

उकंडराव : दिसलं मले.

महावीर : दांडा नुसता वर घेतला अन् हे आपोआप खाली. नॅट पडत नाई, सेबर पडत नाई, हंटर पडत नाई, कॅनबेराही जागच्या जागी. हे एकच तुमचं लायसँडर...

उकंडराव : पाना दे इकडं.

महावीर : पाना नका घेऊ आता! सकायपासून बारावी खेप हाय. चारची येष्टी हाय मंगरूळची. कंडक्टरच्या हातापाया पडून टपावर जागा ठेवाले लावली. उद्या सकायी उरूस सुरू, अन् माही पेटी अजून तुमच्या अंगणात.

गोजराबाई : आधी पानी पे, बापू. सदरा पाह्य कसा वलाचिंब झाला. अन् मले एक सांग, हा खेळ तरी काय हाय? गावभर बोभाटा झाला, उकंडरावच्या अंगनात लढाई आनली म्हनते.

महावीर : सोपा हाय, काकू. एक जण इकडून बसते, एक तिकडून. दोघांले एक-एक दांडा. दांडा हलवला का आपलं विमान वर-खाली होते. ही कमान दाबली का विमानाच्या पोटातून चिंचोका सुटते. समोरच्याच्या पोटाले लागला का ही खिळी निसटते अन् त्याचं विमान सरळ खाली. ज्याचं पडलं तो हारला.

गोजराबाई : अन् चिंचोके समदे माह्या घरचे. फोडाले ठेवले होते म्या.

महावीर : उरूस झाला का मोजून परत आणतो. काका, काय करून राह्यले? ते तार कायले काढली?

उकंडराव : बांधतो. खिळीले.

महावीर : खिळीले तार बांधली तं खिळी निसटन कशी?

उकंडराव : आपोआप निसटनार नाई. तेच पाह्यजे न तुले? घे. आता हलव दांडा.

महावीर : हलवला. ...राह्यलं वर.

उकंडराव : पुन्हा हलव. जोरात.

महावीर : राह्यलं, राह्यलं. थांबा, आता चिंचोका मारतो. ...लागला. बराबर पोटात लागला! काका, हे तं पडतच नाई.

उकंडराव : राहू दे.

महावीर : राहू दे कसं? जो लायसँडर घेईन तो कधीच हारणार नाई! मागच्या साली सेबरची खिळी अडकली होती. एक पैलवान पाच डाव लागोपाठ हारला अन् पेटीले लात घातली. उरसात जागा वाटून देते ते मारोतराव, त्यांनं सरळ सांगतलं, यंदा एक जरी तक्रार आली तं खेळ उचल अन् घरी जा. अन् घरी काय, आई वाटच पाहून राह्यली. भांड्याच्या दुकानात बस म्हणते.

गोजराबाई : तुह्या काकाचं बोलनं मनावर नको घेऊ. त्यायले तार बांध्याची खोडच हाय. बंडीच्या चाकाले तार, जात्याच्या खुट्याले तार, खाटीच्या पायाले तार. माह्या पोरीचा पाळना टांगला तवा कडीले अशी तार गुंडाळली का पाळना उतरवाले लोहार बोलवा लागला. सत्तेचाळीसले मी या घरात आली, तवापासून पाहून राह्यली. मले म्हने, थरथरीनं सैल होते. आता सांग, पाळना कायले थरथरन?

उकंडराव : गोजरा, तू घरात जाय.

गोजराबाई : काहून जाऊ? अंगन माहंई हाय.

महावीर : काका, हे विमान मीच मागून घेतलं, खरं हाय. नॅट-सेबर समद्यांनी पेपरात पाह्यले. म्हटलं, कोणी पाह्यलं नाई असं एक ठेवू, मंग गर्दी फक्त माह्याच पेटीपाशी. त्याचा फोटू पाहाले मी अमरावतीच्या लायब्ररीत जाऊन आलो, तिथंई नाई. तुमी नुसतं आठवून आठवून बनवलं, डोक्यावरचे पंख, चाकाले सलवार घातल्यासारखा तो पत्रा. देखणं हाय, काका. पण बाकीच्या चौघांसारखं हलकं काहून नाई? एवढा जड पत्रा कोठून आणला?

उकंडराव : पत्रा तोच हाय. डालड्याच्या डब्याचा.

महावीर : मंग हे हातात घेऊन पाहा. हा नॅट, अन् हे. दुप्पट भरते. अन् आत काई तरी हाय. काच कायले लावली वरून? मी काढतो.

उकंडराव : नको काढू.

महावीर : निंघाली बी. ...काका! आत माणसं हायेत.

गोजराबाई : पाहू? माय वं! दोन हायेत. एक समोर, एक मांगं. टोप्या बी घातल्या त्याईले.

महावीर : शिशाचे हायेत. म्हणून खाली ओढून राह्यलं! खिळी एवढं वजन धरन कशी? अन् काका, मी तुमाले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं. आईची एकच अट हाय. आमी जैन माणसं. ते म्हणते, खेळ कर, पण विमानात माणूस नको दाखवू. पडला तं पत्रा पडला पाह्यजे, जीव नाई. एकाही विमानात मी माणूस नाई ठेवला. हे पाह्यलं तं आई पेटीले घरात पाय ठेवू देणार नाई.

उकंडराव : माहीत हाय.

महावीर : माहीत हाय, तरी ठेवले?

उकंडराव : रिकामं विमान उडत नाई.

महावीर : हे खेळण्यातलं हाय, काका! सोडा बरं. दोन मिनिटांचं काम हाय, काढून टाकू.

उकंडराव : हात नको लावू! म्हटलं न, हात नको लावू.

गोजराबाई : आवो, अंगावर काहून जाता त्याच्या? पोरगा पांढराफट पडला.

उकंडराव : बस, महावीर. बस इथं बाजीवर. मी तुह्यावर नाई वरडलो.

महावीर : मंग कोणावर?

उकंडराव : समोरचा तो गोविंदसिंग साहेब. पायलट. मांगचा खेमा. बंदूक त्याच्यापाशी राहे. धनजचा होता.

गोजराबाई : आपल्या धनजचा?

उकंडराव : हो. आमी दोघं संगंच भरती झालो होतो. मी फिटर झालो, तो बंदुकीवर गेला. बेचाळीसचा फेब्रुवारी. ब्रह्मदेशात होतो आमी. जपानी रोज पुढं सरकून राह्यले. आमचे विमानं हेच लायसँडर, हळू, वावरातई उतरन असे, पण पळाले कच्चे. सकायी म्या तेलाच्या पायपाचा नट कसला. कसून झाला का त्याले तार बांधा लागते. इंजनाच्या थरथरीनं सैल होऊ नाई म्हणून. तार बांधली का वहीत सही. फिटरची सही झाल्यावर पायलट सही करते अन् चढते. असा कायदा हाय.

महावीर : मंग?

उकंडराव : भोंगा वाजला. समदे पळून राह्यले. साहेबानं वही पुढं केली, म्या सही केली. विमान गेलं. ते वापस आलं नाई.

महावीर : जपान्यांनी पाडलं असन, काका. लढाई होती न.

उकंडराव : असन. नसन बी. कोणी पाह्यलं नाई. जंगलात कोठी पडलं, तेई सापडलं नाई.

गोजराबाई : अन् तार?

उकंडराव : बांधली का नाई, आठवत नाई.

गोजराबाई : आठवत नाई, का बांधली नाई?

उकंडराव : बांधली नाई असं पक्कं माहीत असतं तं बरं झालं असतं, गोजरा. मी कबूल केलं असतं, काय सजा व्हाची ते झाली असती. बत्तीस वर्सं झाले. रोज ती सकाय आठवतो. पाना आठवते, वही आठवते, साहेबाच्या हातातलं पेन आठवते. पक्कडीत तार होती का नाई, तेवढंच दिसत नाई.

महावीर : म्हणून सकायपासून...

उकंडराव : म्हणून म्हटलं, तुह्या खेळात तरी ते गोळी लागूनच पडावं. माह्या हातानं नाई. अन् हे तं तू दांडा हलवला का आपसूक पडून राह्यलं. बारा खेपा. बारा खेपा पाह्यलं म्या.

गोजराबाई : तरीच. धनजले माह्या मावशीच्या घरी पाच लग्नं झाले, तुमी एकाही लग्नाले नाई आले. मी म्हनो, मानपानावरून रुसले. मावशीशी भांडली मी त्याच्यावरून.

उकंडराव : खेमाची माय जित्ती होती तवा. येनाऱ्या-जानाऱ्याले विचारे, उकंड फौजेतून आला का? माह्या खेमाचं सांगन म्हने. कसं जाऊ?

महावीर : काका, राहू द्या. मी लायसँडर नाई नेत. चारच विमानं नेतो. गर्दी नाई झाली तं नाई झाली.

उकंडराव : नाई! ते न्यायचं. पेटीत नाई ठेवायचं, उडवायचं. पन असं नाई, आपसूक पडनारं नाई.

गोजराबाई : मंग एवढं सोपं हाय न. जड कायनं झालं ते? या दोघांनं. उतरवा त्याईले.

उकंडराव : तुले समजत नाई.

गोजराबाई : इमानातलं नाई समजत. तुमच्यातलं समजते. किती दिवस त्याईले त्या इमानात बसवून ठेवता? बत्तीस वर्सं झाले, तुमी रोज सकायी दोघांले चढवता अन् रोज पाडता. थकले असतीन ते. तुमी तं थकलेच.

महावीर : काकू...

गोजराबाई : तू चूप राह्य. हे त्यायचं काम हाय, त्यायलेच करू दे. घ्या, चिमटा घ्या.

उकंडराव : ...कथिलाचा डाग पक्का हाय. थोडं तापवा लागन.

गोजराबाई : चूल चालूच हाय. आनते इंगळ.

महावीर : हळू, काका. मी धरू?

उकंडराव : विमान धर फक्त. ...आला. हा खेमा. अन् हे साहेब.

महावीर : काच बसवतो. तार काढू का खिळीवरची?

उकंडराव : काढ.

महावीर : काढली. दांडा वर. ...खाली. ...वर. काका, राह्यलं! तारेबिगर राह्यलं!

उकंडराव : अजून हलव.

महावीर : हे पाहा. आठ झाले. नऊ. दहा. अजून हलवू?

उकंडराव : बारा होऊ दे.

महावीर : अकरा. बारा. जागचं हललं नाई. आता चिंचोका मारू?

उकंडराव : मार.

महावीर : ...पडलं. लागूनच पडलं, काका.

उकंडराव : पाह्यलं म्या.

महावीर : साडेतीन झाले! काकू, जरा पेटीले हात लावा. एक टोक काका धरतीन, एक मी. अन् काका, उद्या तुमी यान न उरसात? पेटीपाशी बसान? तुमी बसले तं माह्या जिवाले घोर नाई.

उकंडराव : येतो. सकायच्या येष्टीनं.

गोजराबाई : अन् हे दोघं? महावीरची आई घरात नको म्हनते याईले, अन् मी चुलीपाशी नाई ठेवनार.

उकंडराव : दे माह्यापाशी.

गोजराबाई : तुमच्यापाशी नाई. लई ठेवले तुमी. धनजले खेमाच्या घरी आता कोन हाय?

उकंडराव : बहीन हाय. कस्तुरा. तिथंच दिली होती तिले.

गोजराबाई : मंग उरूस झाला का जाऊ धनजले. मी येते संगं.

उकंडराव : जाऊन काय सांगू तिले?

गोजराबाई : आठवत नाई, म्हनून सांगा.