माशाचं मागचं नाव

हॅलो?… हां, बोल ताई… नाही गं, सर्दी झालीय… बरं, रडतेय. झालं समाधान?

अगं, तो मासा… हो, तोच, खोल समुद्रातला, बोटाएवढा, डोळ्याखाली दिवा असलेला. त्याला नवऱ्यानं माझं नाव दिलं म्हणून वर्षभर मिरवलं ना मी? आज कपाट आवरताना त्याच्या शोधाचा तो छापील अंक सापडला… अगं ऐक ना! शास्त्रात माशाला दोन नावं असतात. पुढचं घराण्याचं, मागचं त्याचं स्वतःचं. मागे मी. आणि पुढे कोण, विचार की!… हो! तीच, म्युझियममधली, हिरव्या चष्म्याची! तिच्या नावानं अख्खं नवं घराणं काढलंय. म्हणजे जगात कुणीही माझं नाव घ्यायचं, तर आधी तिचं घ्यायचं. सवत बरी, निदान वेगळ्या खोलीत राहते!

काय म्हणणार? फोनवर म्हणाला, ‘दिवा पहिल्यांदा तिनंच पाहिला.’ आणि मी इतकी वर्षं त्याच्या शर्टांचा स्पिरिटचा वास धुतेय, तो कुणी पाहिला?… हसू नकोस. जळफळाट होतोय माझा, उघड सांगते.

थांब, आला वाटतं… अरे, तोंड का उतरलंय?… काय?… ताई, आहेस ना? घराणं रद्द!… अगं, दिवा फक्त नरांनाच असतो म्हणे. यांच्या जाळ्यात नेमके सगळे नरच आले. अशाच माशांच्या बिनदिव्याच्या माद्या कधीच्याच जुन्या घराण्यात जाऊन बसल्यात. कुणा तज्ज्ञानं आज दाखवून दिलं… हो ना, चांगलेच दिवे लावले!

माझं?… थांब, विचारते. अरे, माझं नाव?… राहतं, ताई! या माशाचे दातच बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत, म्हणजे जात नवीच. घराणं बदललं तरी मागचं नाव हलत नाही म्हणे… काय म्हणतोय ऐक. ‘म्हणून तर तुझं मागं लावलं.’

… मी वेडी गं. उगाच बोलले त्याला… हो, हो, करते चहा. बोलते गोड.

आत गेलाय, फोनवर आहे… कुणाशी काय, तिच्याशीच. समजूत घालतोय… शू, ऐकू दे…

‘रडू नकोस. पुढचा मासा सापडू दे. या वेळी तुझं नाव मागं लावतो.’

… ठेव गं फोन.