अंजनाची गाठ

...आन् वर म्हंत्यात, बायका बोलत न्हाईत! आवं, पर सांगायचं कुनाला? तुमी समदी शानीसुरती मानसं बसलाईसा हितं, तुमीच सांगा, पिलेगाच्या दिसांत काखंत गाठ आलेल्या बाईनं सांगायचं कुनाला?

आष्ट्याच्या अंगाला आमचं गाव. लढाई चालू व्हती, बेचाळीस साल आसंल, आन् त्या साली गावात उंदीर पडाय लागलं. उंदीर पडला की गाव उठवायचं, ही रीतच. म्हसरं, शेळ्या, भांडीकुंडी, जाती सुदिक डोक्यावर घिऊन समदं गाव माळावर! उसाच्या पाचटाच्या झोपड्या, वारं आलं की झोपडी डुलतीया, आन् झोपडीसंगं आतली मानसं बी डुलत्यात. नाथाजींच्या झोपडीत म्हातारा नाथाजी, त्यांची बायकू भामाबाई, सून अंजना, आन् अंजनाचं चार म्हैन्याचं तान्हं पोरगं. नवरा लालासाहेब पलटनीत, तिकडं मिसर देसात, वाळूत.

अंजना म्हंजे कामाला वाघीन. मोट हाकंल, मारकी म्हस धारंला हुबी करंल, पर सोताच्या दुखन्याचं एक अक्षर तोंडातनं निघायचं न्हाई. आन् एक दिस सकाळी दळता दळता डाव्या अंगाला आशी कळ आली म्हंता! तिनं पदराआडनं हात लावून बगितलं. काखंच्या जरा खाली, छातीच्या कडंला, सुपारीएवढी गाठ! जात्याचा खुटा हातात तसाच. पीठ जाग्यावर. ववी घशात.

आता ह्या गाठीचं भ्या काय व्हतं, ते तुमास्नी सांगते. गाठ आली की त्या मानसाला ओढ्यापल्याडच्या झोपडीत न्यायचं. एकल्याला. आदल्याच बुधवारी कुंभाराची सून तिकडं नेली, तिचं लुगडं बी माघारी आलं न्हाई. माळावर कुनी त्यो सबूदच उच्चारत नव्हतं बगा! लाकडाचा भारा बांधायचा तर ‘दोरी फिरीव गं’ म्हनायचं, ‘गाठ मार’ न्हाई म्हनायचं. आन् शेजारची धोंडुबाई, तिच्या जिभंला हाडच न्हाई, ती नेमकी तवाच दारात आली आन् वरडली,

“आगं अंजे, दोन दिस झालं तुजी गाठच पडंना!”

अंजना पांढरीफट! “माजी? कुटं हाय? कोन म्हनलं?”

“आगं, भेटली न्हाईस म्हनते मी! काय झालं गं तुला?”

“काय न्हाई. दळत व्हते.”

काय न्हाई! आंगात थंडी भरलीया, हात वर उचलंना, आन् म्हनं काय न्हाई. पर सांगायचं कुनाला? धोंडुबाईला? मंग दवंडी पिटायचा खर्च तरी वाचला आसता. सासऱ्याला? त्यांच्या म्होरं तर पदर सुदिक सरकू द्यायचा न्हाई. सासूला सांगावं, तर सासू लेकराला उचलून घील आन् तिला ओढ्यापल्याड धाडंल. धाडायलाच पायजे की! घरात तान्हं हाय.

आन् तान्ह्याचं ध्यानात आलं तवा अंजनाच्या काळजाचं पानीच झालं. ह्यो रोग दुधातनं लेकराला गेला तर? तिनं त्याच घडीला पोराला पाजायचं बंद केलं. बंद! सासूला सांगितलं, “आत्याबाई, माजं दूध आटलं. शेळीचं द्या.”

भामाबाई म्हनली, “आटलं? काल तर चोळी भिजत व्हती गं!”

“आज आटलं.”

मंग भामाबाईनं कंबर कसली. सुनंचं दूध आटलं म्हंजे काय! सकाळी अळीवाची खीर, दुपारी शेपूची भाजी, दिस मावळायला परत खीर. “खा. नातू माजा वाळाय लागला. खा म्हनते न्हवं!” आन् ही बिचारी खातीया! खीर आत जातीया, आत दूध चढतंय, पोरगं पीत न्हाई, दूध जानार कुटं? सुपारीचं लिंबू झालं. डावं अंग निस्ता निखारा. पोरगं शेळीचं दूध थुकतंय आन् आईकडं हात पसरून टाहो फोडतंय, त्याच्या रडन्यानं हिचं दूध आनखी उसळतंय, आन् ही पाठ करून बसलीया, पदराचा बोळा तोंडात कोंबून. हे मला कसं ठावं? पुढं तिनंच सांगितलं. म्हनली, “गाठ दुखत नव्हती एवढं त्याचं रडनं दुखत व्हतं.”

आवं, पिलेगाचा तपासनीस येत नव्हता व्हय? यायचा की, आठवड्यातनं दोनदा! काख तपासायची, जांघ तपासायची, आसा सरकारी हुकूम. बाप्यांचं नीट तपासायचा. बायकांची रांग आली की त्योच लाजून लाल! बायका पदर नाकापत्तुर वढून हुब्या, त्यो आभाळाकडं बगून इचारनार, “कुणाला काही होतंय का?” आन् समद्या एका सुरात, “न्हाई जी!” तरी बी त्यानं नाथाजींस्नी इचारलं, “तुमच्या घरातल्या बायकांना काही?” तर नाथाजी मिशीवर हात फिरवून म्हंत्यात कसं, “काय न्हाई सायेब. आमच्या घरात बायकांस्नी कवा काय हुतच न्हाई.”

अंजना तितंच हुबी. सांगायचं कुनाला?

पाचव्या दिशी तिनं मनाशी ठरवलं. कुनी न्यायच्या आदी आपनच जावं. लेकरू तरी वाचंल. दुपारच्याला तिनं पोराला भामाबाईच्या मांडीवर दिलं, त्याच्या टाळूवरनं हात फिरवला, आन् ओढ्याकडं चालाय लागली. हातात काय न्हाई. डोक्यावर काय न्हाई.

भामाबाई मागनं वरडली, “आगं ए! उनाचं कुटं निघालीस?”

अंजना चालतीच. म्हातारी पोराला खाकंला मारून मागं पळाली, बांधावर गाठलं तिला, मनगट धरलं. मनगट भाजतंय!

“आत्याबाई, हात सोडा. लांब व्हा. मला गाठ आलीया.”

आता तुमी सांगा, दुसरी कोनबी काय करंल? धा पावलं मागं उडी मारंल. आपलं रगात आसलं तरी मारंल! आन् भामाबाईनं काय केलं? पोराला बांधावर निजवलं आन् भर माळावर, भर दुपारी, सुनंच्या चोळीत हात घातला. “कुटं हाय? दाव. हितं? आगं, कवापास्नं?”

“चार दिस झालं.”

“आन् दूध बी चार दिसांपास्नंच आटलं?”  म्हातारीच्या डोस्क्यात कायतरी लखलखलं, पर पिलेग त्यो पिलेग, खात्री कोन देनार? त्या दिशी नशिबानं तपासनिसासंगं सांगलीहून लीलाबाई नावाच्या नर्सबाई आल्या व्हत्या. भामाबाई पोराला उचलून सुनंला वढतच त्यांच्याकडं घिऊन गेली.

लीलाबाईंनी आडोसा केला, हात लावला, दाबून बगितलं. काखंत बगितलं, जांघंत बगितलं. अंजनानं डोळं मिटलेलं. आन् बाई काय म्हनल्या?

“अहो, ही दुधाची गाठ आहे! प्लेग नाही न् काही नाही. बाळाला पाजणं कुणी बंद करायला सांगितलं तुम्हाला? घ्या आधी त्याला!”

पोराला लावलं. आन् त्या पोरानं आशी मुसंडी मारली म्हंता! अंजना कळंनं किंचाळली, मंग रडली, मंग हासाय लागली. भामाबाई ऊन पान्याची फडकी पिळून शेकतीया, गाठीवरनं लाकडाची फनी फिरवतीया, आन् तोंडाचा पट्टा चालू, “खुळी! येडी! दोन लेकरांच्या येळंला मला झाल्यात गाठी! मला सांगायचं न्हाई व्हय?” आन् तिच्या बी डोळ्याला धार.

आडोशाच्या भाईर धोंडुबाईचा कान. घडीभरात माळावरच्या समद्या बायका रांगंत! हिचं पांढरं जातंय, तिची पाळी सा म्हैनं थांबंना. धोंडुबाईचंच दोन वर्सांचं दुखनं निघालं, जिला दुसऱ्याचं समदं ठावं आसतंय! आन् रांगंच्या शेवटी कोन? भामाबाई. खाली मान घालून म्हनली, “बाई, माजं अंग भाईर येतंय. लालासायबाच्या बाळंतपनापास्नं.” लालासाहेब तवा सव्वीस वर्सांचा!

अंजनाचा ताप चार दिसांत उतरला. पावसाच्या तोंडाला गाव माघारी आलं. मंग शाळामास्तर आलं, लालासाहेबाला पत्र ल्ह्यायला. म्हनलं, “बोला वहिनी, काय लिहू?” समोर मास्तर, बाजूला सासरा आडकित्ता घिऊन बसल्याला. अंजनानं पदर पुढं वढला. “ल्ह्या,” म्हनली, “इकडं समदी खुशाल हाईत. थोडं दिस माळावर ऱ्हायला गेलो व्हतो.”

दोन म्हैन्यानं जवाब आला. मास्तरांनी वाचून दावला, “पत्र पावलं. आम्ही इथं वाळूत तोंड भाजून घेतोय, जीव मुठीत धरून आहोत. तुम्ही बायका बऱ्या! मोकळ्या माळावर हवा खात बसता. नशीब लागतं.”

मास्तरांनी टाक उचलला. “उत्तर काय देऊ?”

अंजनानं पोराला ह्या अंगाचं त्या अंगाला घेतलं.

“ल्ह्या,” म्हनली, “हवा लय झ्याक व्हती.”