स्कूटीवर पुढं कोण

"ताई, ही स्कूटी तुमची हाय का भावाची?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून केजच्या गॅरेजात स्कूटी घेऊन आलेल्या ताईला मी विचारलंच.

"माझीच!" म्हणत ताई मिस्त्रीकडं वळली. "मिस्त्री, एलईडी बल्ब टाकल्यापासून इंडिकेटर लई भराभर लुकलुकतोय."

"घरचा माणूस पाठवा, त्याला समजावतो."

"मलाच समजावा की!"

"एलईडी करंट कमी खातो. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं, बल्ब उडालाय, म्हणून तो भराभर चालतो."

"मग एलईडीला चालणारा फ्लॅशर टाका."

"आधी घरी इचारा."

"कुणाला? घरची माणसं माझ्या मागं बसतात!"

मिस्त्रीनं फ्लॅशर बदलला. इंडिकेटर ऐटीत, सावकाश लुकलुकायला लागला.

घरी आल्याआल्या मी सांगून टाकलं, "आई, बाबा, सोळा वर्षं पुरी झाली की मी बिनगिअरच्या गाडीचं लायसन काढणार. आपली लूना मीच चालवणार. बाबा, तुमी मागं बसायचं!"