गोलकीपरचा पेढा

— नाही, हात खाली सोड, वर नको करूस, बाही आखूड दिसते मग. पण हो की रे, गोलकीपरचे हात वरच असायचे! कर वर. बघ, आखूडच झाली. मी ह्यांना सांगितलं होतं, धम्मदीपचे हात मोजून न्या, त्याचे हात काही चारचौघांसारखे नाहीत — आजानुबाहू म्हणतात तसे आहेत. पण ह्यांनी शिंप्याला सांगितलं काय, तर 'अकरा शर्ट, सगळे सारखे.' अरे, सगळे सारखे कसे असतील? राहू दे, मी उसवून वाढवते, आत दोन बोटं कापड सोडलंय त्यानं. उदयतारा फुटबॉल क्लब, पहिली डिव्हिजन! — ऐकायला कसं वाटतं? सकाळी पूजेला बसले तेव्हा एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं मी. देवाला नवं काहीतरी ऐकायला मिळालं.

हं, काय सांगत होतास? सांगशील रे, घाई काय आहे, आधी टाचण्या लावू दे. हलू नकोस. आणि तो पुडा फ्रिजवर ठेव — पेढे ना? वासावरूनच कळलं. मला नाही चालत सध्या, गोड बंद आहे माझं. हो, डॉक्टरांनीच — डॉक्टरच म्हण त्यांना, मोठे आहेत पोटानं. जाऊ दे. हे आले की खातील. हे कात्रजला गेलेत सकाळपासून, स्कूटर घेऊन, टोपी न घालता, एवढ्या उन्हात. का, तर तिथे कोणी एक फॉरवर्ड आहे म्हणे, सापाच्या बागेत कामाला. नाग धरतो. हे मला म्हणतात, 'अगं, जो नागाच्या फण्याला हात घालतो तो खडकीच्या बॅकला घाबरेल का?' मी म्हटलं, बरोबर आहे, पण नागाला लाथ मारून चालत नाही, आणि आपल्याला लाथ मारणारा हवाय. तर हसले. हसले रे! तुला नाही कळायचं त्याचं अप्रूप. तू आलास तेव्हा हे असेच होते, तुला वाटतं हे असेच असतात.

असे नव्हते. कंपनीनं गोल्डन हँडशेक दिला ना — हँडशेक कसला, दोन वर्षं हात मांडीवर ठेवून गॅलरीत बसून होते. पेपर उलटा धरला तरी लक्षात यायचं नाही. मग संभाजीनं क्लबचं सेक्रेटरीपद ह्यांच्या गळ्यात घातलं. 'काका, फक्त सह्या करायच्या.' सह्या! आता बघ, झोपेत 'मार्क धर, मार्क धर' म्हणून ओरडतात आणि माझी उशी ओढतात. म्हटलं, ओढू देत.

तर पुढच्या सीझनचं मी सांगते तुला, हे येईपर्यंत. ह्यांना नको सांगूस मी असं म्हटलं म्हणून. पहिल्या डिव्हिजनमधून दोन संघ खाली जाणार. म्हणजे आपण खालून तिसरे आलो, तरी झालं! आपल्याला कुठे वर जायचंय? टिकायचंय. खडकीवाल्यांचं सोडून दे, ती पोरं चेंडू कुशीत घेऊनच जन्माला येतात. कॅम्पातल्यांशी बरोबरी झाली तर मी साखर वाटीन — वाटीन म्हणतेय, खाईन नाही म्हणत. आता आपल्याकडे काय आहे? संभाजीचा गुडघा. त्याला मी नारायण तेल दिलंय, पण तो लावत नाही, रिक्षा चालवताना वास येतो म्हणतो. म्हणजे बॅकला अर्धा माणूस. तेजस पळतो चांगला, पण ऑफसाइड! सारखा ऑफसाइड! मला आधी कळायचं नाही ते काय असतं, ह्यांनी शिट्टी आणि बिस्किटं मांडून समजावलं तरी नाही. मग माझं मलाच कळलं — पहिली पंगत उठायच्या आत दुसऱ्या पंगतीच्या माणसानं पानावर जाऊन बसायचं, तसं. तेजसला सांगितलं मी, अरे, बोलावल्याशिवाय पानावर बसू नये. तेव्हापासून सुधारलाय थोडा. आणि हा सापवाला आला तर आला. राहता राहिला गोल, तर तिथली काळजीच नाही. हे सगळ्यांना एकच वाक्य सांगतात, दूधवाल्यालासुद्धा — 'पुढे गोल होवो न होवो, मागे धम्मदीप आहे.'

वाकलास का? ताठ उभा राहा. टाचणी टोचली? मग चेहरा असा का केलास?

तू अडवलेली ती शेवटची पेनल्टी, जिच्यावर आपण वर आलो, ती मी बघितलीच नाही, माहितेय? सगळं पुणं बघत होतं — बरं, सगळं म्हणजे होते तेवढे चाळीसजण — आणि मी डोळे मिटून जप करत होते. एकदम आरडाओरडा झाला. कोणाचा, कळेना. डोळे उघडायचं धैर्य होईना. मग कोणीतरी माझे खांदे धरून गदागदा हलवले, बघते तर हे! चारचौघांत, मैदानावर, बायकोचे खांदे! सदाशिव पेठेत सत्तावीस वर्षं संसार झाला आमचा, कधी रस्त्यानं बरोबरीनं चालले नाहीत, चार पावलं पुढेच. तेवढ्यासाठी तरी संघ वर जावा म्हणून धरलेल्या चतुर्थ्यांचं उद्यापन करायलाच हवं होतं मला.

उद्यापनाचं आठवतं? गुरुजी म्हणाले, अकरा ब्राह्मण जेवायला सांगा. मी म्हटलं, अकरा आहेत की घरचेच! मग विचारतात, संकल्प कोणासाठी? म्हटलं, अकरा जणांसाठी. गोत्र? म्हटलं, उदयतारा. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बुटांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि म्हणून टाकलं बिचाऱ्यांनी. तू दारातच सांगितलंस, 'काकू, मी नैवेद्याला नाही, जेवायला आलोय.' मला आवडलं ते. स्वच्छ बोलणं. तुझ्या बावीस प्रतिज्ञा तुझ्या, माझे नवस माझे — मोदक दोघांचा. सतरा खाल्लेस! आणि वर मलाच विचारतोस, 'काकू, तुम्ही एकही का नाही घेतला?' तुझं लक्ष बारीक. गोलकीपरचं असायचंच.

आता ह्या पाठीवर एक नंबर शिवायचा, की झालं. वळ तिकडे. हं, बोल आता. बोल ना. मघापासून पुटपुटतोयस.

— कसली? कॉल आला म्हणजे? नोकरीचा? अरे! अरे माझ्या राजा! सॉफ्टवेअरची? ती मोठी कंपनी? आणि इतका वेळ मला बडबडू दिलंस? थांब, आधी देवापुढे — नाही, आधी तुला — बस, बस खाली, टाचण्या संभाळून. झालं रे बाबा! ऐकलं त्यानं! मी म्हणतच होते, अंगारकीला म्हणून सांगितलेलं वाया जायचं नाही —

काय सांगितलेलं म्हणजे?

काही नाही. तुझ्या नावानं नाही केलं हं, माझ्याच नावानं केलं. तू त्या वर्षी समोर इंदुबाईंकडे कॉटवर राहायला आलास, अमेरिकेत काहीतरी बुडालं आणि इथे इंजिनियर झालेली पोरं दिवसाढवळ्या पांघरूण घेऊन झोपायला लागली. तू रोज इस्त्रीचा शर्ट घालून इंटरव्ह्यूला जायचास आणि परत येताना जिन्यातच टाय काढून खिशात घालायचास. माझ्या खिडकीतून दिसायचं ते. नागपूरला आईला फोन करायचास, 'जेवलो, हो, मस्त जेवलो.' म्हणून म्हटलं मी गणपतीला, ह्याला चांगली नोकरी लागू दे, तोवर गोड खाणार नाही. बस, एवढंच. डॉक्टर-बिक्टर कोणी नाही. विचारायला हवं होतं तुला. तू मानत नाहीस, मला ठाऊक आहे. अभ्यास तू केलास, परीक्षा तू दिलीस. मी फक्त साखर सोडली. रागावलास? नाही ना? मग हस की.

बरं, कधीपासून? आणि बस कुठून पकडणार? हिंजवडीची बस टिळक रोडवरून जाते, ती सहाला परत येते, म्हणजे सरावाला जरा उशीर होईल, पण मी ह्यांना सांगते, सरावाची वेळ —

कुठे?

बंगळूर.

हं. बंगळूरला का.

नाही, नाही, चांगलं आहे. हवा चांगली असते म्हणतात. थंड. — बघ, काय गंमत आहे. 'पुण्यातली' म्हणायचं राहिलं माझं! इतकी वर्षं नवस करतेय मी, लोक मला विचारायला येतात, काकू, कसं मागायचं — आणि माझंच राहिलं. 'हिंजवडीत' म्हणायला काय झालं होतं माझ्या जिभेला? देवापुढे पत्ता सांगावा माणसानं! एका हातानं संघ वर नेला आणि दुसऱ्या हातानं गोलकीपर काढून घेतला. चूक त्याची नाही. त्याला काय माहीत, मला दोन्ही एकाच गावात हवं होतं.

काय? काय म्हणालास?

नोकरी नको म्हणून कळवणार त्यांना? का? पुण्यातली मिळेपर्यंत थांबणार? आणि हे कधी ठरलं — आत्ता? ह्या खोलीत? मी मेली एवढी बडबडले म्हणून? धम्मदीप, वेडा आहेस का तू? पेढे घेऊन आलास तेव्हा ठरलंच होतं ना तुझं? मग! काकांचं काय म्हणजे? काकांचं मी बघेन. सत्तावीस वर्षं बघतेय. गॅलरीत बसले तर गॅलरीतून ओढून काढीन. दोन वर्षं गेली तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं, आता अकरा जण आहेत. दहा. त्यात संभाजी अर्धा. आण तो पुडा इकडे.

आण म्हणते ना.

हा बघ. हा पेढा. आणि हे तोंड.

— अहाहा. विसरूनच गेले होते रे. वेलदोडा जास्त आहे थोडा, पण चालेल. संपला. बघ, आता खाल्ला मी. नोकरी लागली म्हणून देवाला कळवून झालं. आता तू नाही म्हणालास तर नवस मोडल्याचं पाप मला, आणि तुझा विश्वास असो नसो, म्हाताऱ्या काकूला तू त्यात पाडणार नाहीस. ठरलं. दुसरा दे. देवापेक्षा मीच जास्त वाट पाहिली ह्याची.

आणि गोलकीपरची काळजी नको करूस. मी ह्या चतुर्थीला मागते नवा. आणि ह्या वेळी नीट मागते — उंच, पुण्यातला, नोकरी असलेला, लग्न झालेला, हलायची सोय नसलेला. तुझ्यासारखा नको म्हणेन. तुझ्यासारखा मागितला, तर तोही जाईल.

स्कूटर आली खाली. ह्यांचीच. दोन हॉर्न दिले म्हणजे सापवाला मिळालेला दिसतोय — बघ, एक पेढा पोटात जायचा अवकाश! ऊठ. डोळे पूस, तू गोलकीपर आहेस. तू काही बोलू नकोस, मी सांगते, आधी त्यांना बसू दे, पाणी देते, मग सांगते. तू पळ मागच्या जिन्यानं. आईला फोन कर, आधी तिला सांग, पेढा तिच्याही आधी मी खाल्ला हे नको सांगूस. जा.

अरे, थांब! असा कुठे निघालास?

शर्ट काढ. क्लबचा आहे तो.