तुमचा उपास

...आणि वर लोणी! नुसता भाजलेला ब्रेड असता तर मी समजून घेतलं असतं हो. माणूस अर्धवट झोपेत असतो, हात डब्याकडे जातो, तुकडा तोंडात जातो, होतं एखाद्याचं... पण लोणी? लोणी काय झोपेत लावतं का कोणी? फ्रिज उघडायचा, लोणी काढायचं, ते दगडासारखं घट्ट झालेलं, मग सुरीनं खरवडायचं, पार कोपऱ्यापर्यंत नेऊन पसरायचं, वर बोटाला लागलेलं चाटायचं... केवढा साग्रसंगीत कार्यक्रम आहे बघा! आणि हे कधी? तर त्याच दिवशी! ज्या दिवशी सवाष्णीनं नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घ्यायचा नाही, त्या दिवशी सकाळी आमची ही खिडकीपाशी उभी राहून कुरुम कुरुम ब्रेड खातेय! तसं माझं काही म्हणणं नाही.

नाही, खरंच नाही. तुम्हाला सांगतो, मी या उपासाच्या पहिल्यापासून विरोधात. लग्न झालं त्या वर्षापासून सांगत आलोय, अगं, जगणार मी आणि उपाशी तू, हा काय प्रकार? माझं पोट बिघडलं तर औषध काय शेजाऱ्यानं घ्यायचं? पाहुण्यांसमोर सांगायचो, जिन्यात उभा राहून सांगायचो, लोक हसायचे, मी आणखी सांगायचो! आणि ही काय म्हणायची? 'हसा, हसा! तुमच्यासाठीच मरतेय इथे उपाशी!' आमच्या घरात त्या उपासाला दुसरं नावच नाही... 'तुमचा उपास'. 'परवा तुमचा उपास आहे, भाजी कमी आणा.' 'उद्या तुमचा उपास आहे, पहाटे गिझर लावून ठेवा.' जसं काही मीच तो बाजारातून आणलाय आणि हिच्या गळ्यात मारलाय!

आणि त्या दिवशी दुपारनंतर ही जी पेटायची! पंखा का लावला? पंखा का बंद केला? पाणी पिताना आवाज करू नका, मला ऐकू येतं. समोर बसून जेवू नका. आत बसून जेवू नका, वास येतो. अगं मग जेवू कुठे? 'जेवा ना, खुशाल जेवा, तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं!' संध्याकाळपर्यंत माझ्या आत्यापासून माझ्या घोरण्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. मी आपला कोपऱ्यात बसून मान हलवायचो.

आणि तुम्हाला म्हणून सांगतो... मला तो दिवस फार आवडायचा.

हसताय? हसा. पण उरलेलं वर्ष कसं असतं ते ऐका आधी. मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरात माणसं दोन, खोल्या तीन आणि बोलणं किती? 'बल्ब गेलाय.' 'दार लावलं का?' 'लिफ्ट बंद आहे.' ती त्या खोलीत फोन घेऊन, मी या खोलीत टीव्ही लावून. भांडण नाही, तंटा नाही, सगळं कसं छान शांत. आठवडा आठवडा घरात माझ्याविषयी एक वाक्य निघत नाही हो! बल्बाविषयी निघतं. आणि तो एक दिवस असा, की सकाळपासून रात्रीपर्यंत विषय फक्त मी! तिच्या पोटात भूक म्हणजे मी, घशाला कोरड म्हणजे मी, डोकं दुखतंय तर तेही मीच... असं कोण कोणाची आठवण काढतं सांगा!

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ विचारायचं ना, आज ब्रेड का खातेयस म्हणून. कोणत्या तोंडानं विचारू? जन्मभर ज्याची टिंगल केली त्याच्याविषयी काय म्हणू, 'का गं, आज माझ्यासाठी उपाशी का नाहीस?' मी आपला दोनदा खाकरलो. तिनं डबा भरून हातात दिला आणि म्हणाली, 'खोकल्याचं औषध घ्या.' झालं. निघालो.

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे तीन-तीनदा बघितलं. एरवी मी असा बेधडक जातो, गाड्या थांबतात माझ्यासाठी! पण आज कव्हर नाही ना! विम्याचा हप्ता चुकल्यासारखं झालं. एक सायकलवाला घंटी वाजवत आला तर मी भिंतीला चिकटलो. दुसऱ्या मजल्यावर कोणी तरी कुंडीला पाणी घालत होतं, मी फूटपाथ बदलला. माझा विश्वास नाही हां या गोष्टींवर, अजिबात नाही... पण कुंडी पडायचीच असेल तर ती काय माझं मत विचारून पडणार आहे?

मी कवळ्या बनवतो. म्हणजे दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा करतो आणि त्याच्यावर मेणात एकेक दात बसवतो. समोर टेबलावर दहा-बारा जबडे आ करून बसलेले, दिवसभर तीच सोबत. आणि शेजारच्या टेबलावर आमची पॉलिशवाली, तयार कवळ्या घासून चमकवणारी, वयानं माझ्या मुलीएवढी. तिचाही तोच उपास! ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला, आणि तासातासाला नवऱ्याचा फोन. 'हो रे... नाही रे... नाही प्यायचं पाणी... अरे नाही मरत मी, ठेव आता!' फोन ठेवायची आणि गालात हसायची. मला कशाला दाखवायचं ते? तसं माझं काही म्हणणं नाही, पण मशीन चालू असताना फोन घेऊ नये माणसानं.

'काका,' ती म्हणाली, 'काकूंचा उपास कसा चाललाय?'

आता आली का पंचाईत! म्हटलं, 'चाललाय की. नेहमीसारखा.' आणि त्या धांदलीत मी खालचे दात वरच्या जबड्यात बसवले, सगळेच्या सगळे, ओळीनं! तिनं ती कवळी उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली. 'काका, हा माणूस यानं जेवणार आहे की पोरांना घाबरवणार आहे?' एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं हो. पुन्हा मेण तापवलं, पुन्हा दात उपटले.

आणि डोक्यात नुसता भुंगा. का सोडला असेल? आजारी आहे का? डॉक्टरनं सांगितलं असेल, उपाशी राहू नका, आणि मला बोलली नसेल? पण मग लोणी कसं चाललं? मग चिडली असेल! हां, चिडलीच असेल. कशावरून? पडद्याचा दांडा तीन महिने लावला नाही, त्यावरून? त्या दिवशी तिच्या मावशीला दारातून 'बरं, या मग' म्हणालो, त्यावरून? की काहीच नाही, आपला बसून विचार केला असेल, की यांना घेऊन पुढे आणखी किती वर्षं... बास झालं की! तुम्हाला सांगतो, हातातलं मेण थिजून गेलं, पण पुढचा विचार करायची हिंमत होईना.

जिन्यात जाऊन मुलीला फोन लावला. सहज म्हणून. म्हटलं, 'आई या वर्षी उपास करत नाहीये बरं का.' तर ती टाळ्या वाजवायला लागली! 'वा बाबा! शेवटी ऐकलं तिनं तुमचं! किती वर्षं सांगत होतात! आता खूष ना?' म्हटलं, 'खूष म्हणजे काय... खूषच.' 'आवाज का असा येतोय मग?' म्हटलं, 'जिन्यात आहे, घुमतो.' ठेवला फोन.

जेवायच्या सुट्टीत डबा उघडला. भाजीचा वास आला आणि घास काही उचलवेना. समोर ती पोर कोरड्या ओठांनी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. आणि मला काय वाटलं ठाऊक आहे? वाटलं, आमच्या घरात या दिवशी कोणी ना कोणी उपाशी असतंच. कधी खाडा नाही. ताप होता तेव्हा नाही, मुलगी पोटात होती तेव्हा नाही. आपल्या इथे एक जण रजेवर गेला की त्याचं काम दुसरा करतो का नाही? मग? मी डबा बंद केला. खाली वॉचमनला नेऊन दिला, त्यानं पाच मिनिटांत चाटूनपुसून धुऊन परत आणला.

पण उपास धरायचा तर मागायचं कोणासाठी? स्वतःच्याच आयुष्यासाठी स्वतःच उपाशी राहायचं हे तर फारच निर्लज्जपणाचं. मग उरलं कोण? तीच. म्हटलं चला, हिच्यासाठी मागू. आणि पाणीसुद्धा नाही हां! करायचं तर नीट. चार वाजता जीभ टाळूला चिकटली. पाच वाजता समोरचे सगळे जबडे माझ्याकडे बघून हसतायत असं वाटायला लागलं. पॉलिशवाली म्हणाली, 'काका, तुम्ही चिडलाय का?' म्हटलं, 'मी? मी कशाला चिडू? तू तो पंखा बंद कर आधी! आणि बंद केलास तर मग उकडतंय त्याचं काय करायचं?' आणि बोलता बोलता थबकलो. अगदी हिच्यासारखं बोललो हो मी! तेव्हा कळलं, ही बाई एवढी वर्षं काय सोसत होती.

घरी येताना ठरवलं, आज विचारायचंच. चिडली असशील तर चिड, पण सांग. दार उघडलं तर ही सोफ्यावर, फोनवर बहिणीशी बोलतेय. मी चपला काढत होतो. आणि ही म्हणते, 'कसला उपास?'

मी तसाच वाकलेला.

'अय्या! आज होता?' आणि हसायला लागली. तुम्हाला सांगतो, खळखळून! डोळ्यांत पाणी येईपर्यंत! 'अगं मी विसरलेच! सकाळी चांगला ब्रेड खाल्लाय मी लोणी लावून!' तिकडे बहीण हसतेय, इकडे ही हसतेय, मग मला म्हणते, 'अहो, ऐकलंत का? आज तुमचा उपास होता आणि मी विसरूनच गेले!'

विसरली. म्हणजे राग नाही, आजार नाही, काही नाही. अहो, चिडून सोडला असता तर निदान त्या रागात मी असतो की! दिवसभर मी त्या पडद्याच्या दांड्याचा विचार करत होतो... आणि ही विसरली होती. म्हटलं, 'असं का? मला तरी कुठे आठवत होतं.'

'तेही खरंच,' ती म्हणाली. 'तुम्ही कुठे मानता! मग चालेल ना? काय फरक पडतो?'

'काही नाही. काय पडायचाय?'

माझ्या पिशवीतून डबा काढला तिनं, उघडून बघितला. 'वा, सगळं खाल्लंत! मग आता भूक नसेलच. आणि तुम्हीच म्हणता ना हल्ली, रात्रीचं जड होतं, म्हणून मी काही केलंच नाही. माझं मगाशीच झालं खाऊन.' म्हटलं, 'छे छे, पोट भरलंय.' स्वयंपाकघरात गेलो. नळ सोडला, ग्लास भरला, तोंडापर्यंत नेला... आणि ओतून टाकला. एवढा दिवस काढला, आता एका रात्रीसाठी कशाला मोडायचा? नळापाशी उभा राहून मागितलं, हिला भरपूर आयुष्य दे बाबा. आणि न्यायचं झालं तर मला आधी ने असं म्हणणार होतो, पण मग वाटलं, नको, हिला बल्ब बदलता येत नाही.

बाहेर आलो तर म्हणते, 'अहो, फोनवर ते आठवणीचं कसं लावतात? पुढच्या वर्षी पुन्हा असं नको व्हायला. बरं नाही ते.' शेजारी बसलो. पुढच्या वर्षीची तारीख शोधली. म्हटलं, 'काय लिहू? तुमचा उपास?' म्हणाली, 'नुसतं उपास लिहा हो, कळतं मला.' लिहिलं. फोन विचारतो, दरवर्षी आठवण करून देऊ का? तर म्हटलं, नाही रे बाबा, आमची तिथी दरवर्षी हलते, तुझ्या तारखेला काय कळतंय त्यातलं! म्हणजे लावता आलं फक्त एका वर्षाचं. एका वर्षाची मुदतवाढ मिळाली, चला, तेही काही कमी नाही. तसं माझं काही म्हणणं नाही.

फक्त एक आहे, तिचा तो फोन जुना झालाय. बॅटरी टिकत नाही, आणि चार्जिंगला लावायचं हिच्या कधी लक्षात राहत नाही. तेव्हा हल्ली रोज संध्याकाळी मीच लावतो.