रिंग टाक, प्रेम

अमृता : टाकली, मॅडम! परत टाकली! म्हणजे ऐकतोय ना माझा प्रेम?

रचना : अमृताताई, आत्ता मी करंट दिलाच नव्हता.

अमृता : असं कसं? आवाज आला की दांडीत रिंग टाकायची, तुम्हीच शिकवलंत ना त्याला.

रचना : हो. पण तो तुमच्या मांडीवर बसलाय. तुमचा गुडघा हलला, तेव्हा त्याने टाकली. घरी प्रॅक्टिस कशी घेता?

अमृता : ताट वाजवते. नाहीच टाकली तर जरासं ढोसते... काय करू, नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसतो हो! गेल्या वेळी इथे टाकली म्हणून यांनी आंबिवलीला अख्ख्या चाळीत पेढे वाटलेले. आता तेच लोक मागून ‘प्रेम, प्रेम’ ओरडतात आणि हा वळत नाही. सासूबाई म्हणतात, उगाच पोराचं ऑपरेशन केलं. कानामागचं मशीनच खराब असेल. बदला ना!

रचना : मशीन मगाशीच तपासलं, ठीक आहे. ऐका. ऑपरेशनमध्ये त्याच्या कानात एक बारीक तार बसवलीये. तिच्यावर ओळीने धातूचे ठिपके आहेत, तेच इलेक्ट्रोड. बाहेरच्या आवाजाचा मशीन करंट करतं आणि ठिपके तो थेट नसेला देतात. आतल्या टोकाचे ठिपके जाडा आवाज देतात, अलीकडचे बारीक.

अमृता : देतात, मग ऐकू का येत नाही?

रचना : करंट कमी पडतोय. किती लागतो ते प्रेमच सांगणार, रिंग टाकून. गेल्या वेळीही तो तुमचा गुडघा हलला की टाकत होता; मला वाटलं एवढ्यातच ऐकू आलं, म्हणून मी करंट फार कमी लावला. माझंही चुकलं.

अमृता : म्हणजे इतके महिने त्याला काहीच... माझ्यामुळे?

रचना : रडू नका, तो बघतोय. त्याला या खुर्चीत बसवा. तुम्ही तिकडे भिंतीकडे तोंड करून बसा.

अमृता : वाढवा, मॅडम. कितीपण वाढवा.

रचना : कितीपण नाही चालत, घाबरेल तो. एकेक ठिपका, हळूहळू.

(रचना कॉम्प्युटरवर करंट एकेक पायरीने वाढवत जाते.)

अमृता : काय झालं? बोला ना!

रचना : अजून नाही.

अमृता : पाया पडते तुमच्या, आणखी थोडा...

रचना : देतेय, ताई.

अमृता : टाकली! मला आवाज आला रिंगचा. मी हलले नाही, शपथ! करंट होता का?

रचना : होता.

अमृता : वळू मी?

रचना : नका वळू. एकच ठिपका झालाय.